माळ्यावरच्या भिंगाचा कैवार

दिवाळी जवळ आली की आपल्या घरांतले माळे जागे होतात. दसऱ्याची आपट्याची पाने देव्हाऱ्यापाशी अजून वाळत असतात, तोच एका रविवारी सकाळी घरची कर्ती बाई पदर खोचून, हातात केरसुणी घेऊन फर्मान सोडते, "आज माळा काढायचा!" मग फुटक्या कंदिलापासून थोरल्याच्या पाळण्यापर्यंत सारे खाली उतरते. पितळेचे असेल ते घासूनपुसून परत वर जाते. कागद असेल तो रद्दीत जातो. आणि ज्याचे काय करावे हे घरात कोणालाच सुचत नाही, ते भंगारवाल्याच्या तागडीत जाते.

या तिसऱ्या वर्गातल्या एका वस्तूची वकिली करण्यासाठी मी आज लेखणी उचलली आहे. ती वस्तू म्हणजे चामड्याच्या पेटीतला जुना कॅमेरा. नेमके सांगायचे तर त्या कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसवलेले भिंग. माझे म्हणणे थोडक्यात असे की, हे भिंग भंगार नाही आणि शोभेची वस्तूही नाही. ते कामाचे हत्यार आहे आणि त्याला काम मिळाले पाहिजे.

वकिलाने आपली सनद दाखवावी, ती माझ्यापाशी नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो, सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. माझे पुस्तकी शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. परंतु वीस वर्षे पोरांना छायाप्रकाश शिकवताना उजेड कोठून येतो आणि कशावर पडतो, हे बघण्याची सवय लागली. तेवढ्या भांडवलावर हा कैवार.

चार वर्षांपूर्वी आमच्याही घरचा माळा निघाला. भंगारवाला ओट्यावर बसला होता. सौभाग्यवतींनी एक काळी पेटी पुढे करून विचारले, "अण्णाकाकांचं हे द्यायचं का?" पेटी उघडली. आत झोर्की-४ हा मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातला रशियन कॅमेरा होता. आमच्या कोकणातल्या गावात अण्णाकाकांचा एका खोलीचा स्टुडिओ होता. बारसे असो, मुंज असो, शाळेचा ग्रूप असो की मयत असो, काकांना बोलावणे यायचे. आणि मयताच्या फोटोचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. कॅमेऱ्याचा कापडी पडदा कुजून त्याची चाळण झाली होती. पण भिंग खिडकीकडे धरले, तर आत एक-दोन धुळीच्या कणांखेरीज काही नाही. कड्यावर रशियन लिपीत ज्युपिटर-८ असे कोरलेले आणि क्रमांकाचे पहिले दोन आकडे ६२. या रशियन भिंगांवर ते आकडे बहुधा जन्मवर्षाचे असतात. म्हणजे हे गृहस्थ माझ्याहून चांगले वीस वर्षांनी वडील!

त्यांचे कुळही लहानसहान नाही. १९२५ साली जर्मनीतल्या वेट्झलार गावच्या लाइट्झ कारखान्याने ओस्कार बार्नाक या यंत्रकाराने घडवलेला लायका कॅमेरा लोकांपुढे मांडला. सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म त्याने आडवी धरली आणि तिच्यावर २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट आखली. आज दुकानदार ज्याला 'फुल-फ्रेम' म्हणून मिरवतात, ती हीच चौकट. पुढे १९३२ साली झाइसने कॉन्टॅक्स हा प्रतिस्पर्धी काढला आणि त्यासाठी लुडविग बेर्टेले याने सोनार नावाचे भिंग रचले. नावावरून आपल्या गावचा सोनार आठवतो. पण त्याचे नाते जर्मन भाषेतल्या सूर्याशी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही झाइसची विद्या रशियात गेली आणि त्या सोनारावरून ज्युपिटर-८ बेतले गेले. त्याच्या मागचा आटा मात्र लायकाच्या मापाचा, ३९ मिलिमीटर व्यासाचा. माहेर झाइसचे आणि सासर लायकाचे, असा हा संसार.

हे सारे रेंजफाइंडर जातीचे कॅमेरे. त्यांत डोळा भिंगातून पाहत नाही. बाजूच्या एका खिडकीतून पाहतो. त्या खिडकीत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाचे कडे फिरवायचे आणि त्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की अंतर जुळले असे समजायचे. या युक्तीने जगाचा केवढा तरी इतिहास टिपला गेला. जन्मभर बहुतेक ५० मिलिमीटरच्या एका भिंगावर काम केलेला फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींना त्यांच्या हत्येच्या थोडाच वेळ आधी भेटला होता. आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीत लोटलेला शोक त्याच्या चित्रांतून जगाने पाहिला.

एवढ्या घराण्याचे भिंग घेऊन मी शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या तरुणाने ते दोन बोटांनी उचलले, फिरवले आणि परत ठेवले. "काका, याला आता मार्केट नाही. शोकेसमध्ये ठेवा, छान दिसेल. फोटो काढायचे असतील तर ही बघा." असे म्हणून त्याने जे नवे भिंग पुढे ठेवले, त्याची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक होती.

त्या तरुणाचा मला राग आला नाही. त्याला जसे पढवले तसे तो बोलला. परंतु तो बोलला ते खोटे होते आणि का खोटे होते ते सांगितले पाहिजे.

लायकाच्या आट्याचे भिंग फिल्मपासून २८.८ मिलिमीटरवर बसावे लागते, तरच दूरचा डोंगर स्वच्छ उमटतो. पुढे आरशाच्या कॅमेऱ्यांचे राज्य आले. १९५९ सालच्या निकॉन एफ मध्ये भिंगाची बैठक फिल्मपासून ४६.५ मिलिमीटर दूर; कारण मध्ये आरसा हलायला जागा हवी. तिथे काकांचे भिंग लावले तर ते जवळजवळ १८ मिलिमीटर पुढे राहणार आणि अगदी नाकासमोरच्या वस्तूपलीकडे त्याला काही दिसणार नाही. फिल्म गेली, डिजिटल आले, तरी आरसा होताच. त्या काळात या भिंगांना खरोखरच वनवास घडला. लायकाने २००९ साली पूर्ण चौकटीचा डिजिटल रेंजफाइंडर काढला. पण त्याची किंमत अशी की आमच्यासारख्यांनी तो काचेआडूनच पाहावा. बिनआरशाचे छोटे कॅमेरेही आले. पण त्यांची चौकट लहान. ५० चे भिंग त्यांच्यावर लावले की चारी बाजू कापल्या जाऊन मधलेच तेवढे दिसे. नाटकाला जावे आणि खांबाआड जागा मिळावी, तसे ते.

मग २०१३ साली सोनीने अल्फा ७ हा पूर्ण चौकटीचा बिनआरशाचा, म्हणजे मिररलेस कॅमेरा काढला. त्यात भिंगाची बैठक सेन्सरपासून अवघ्या १८ मिलिमीटरवर. २०१८ साली निकॉनने १६ आणि कॅननने २० मिलिमीटरची बैठक आणली. आता हिशेब पाहा. २८.८ मधून १८ वजा केले की उरतात १०.८ मिलिमीटर. तेवढ्या जाडीचे एक पोकळ धातूचे कडे मध्ये बसवले की झाले! त्याला अडॅप्टर म्हणतात. त्यात काच नाही, तार नाही, विजेची भानगड नाही. चौघांनी एकदा हॉटेलात जेवावे तेवढ्यात मला ते मिळाले. कॅमेरा मी अल्फा ७ ची दुसरी आवृत्ती घेतली, तीही जुनी, दुसऱ्याने वापरलेली. कादंबरीच्या मानधनात त्याचा पट्टा आला असता. बाकीचे शिक्षक पतपेढीचे कर्ज.

पहिल्या दिवशी मोठी गंमत झाली. भिंग लावले, बटण दाबले, तर कॅमेरा ढिम्म. म्हणतो, माझ्या तोंडाशी भिंगच नाही! विजेच्या भाषेत जे बोलत नाही, ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. शेवटी त्याच्या यादीत शिरून 'भिंग नसले तरी फोटो काढ' अशी परवानगी द्यावी लागली. या एका अनुभवात आजच्या काळाचे सारे शहाणपण मला दिसले. जे आपल्या भाषेत बोलत नाही ते नाहीच, असे मानणारे कॅमेरे थोडे आणि माणसे फार!

आता प्रतिपक्षाचे आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप असा, की नवी भिंगे अधिक रेखीव आहेत. आहेत, मी कशाला नाकारू? काकांचे भिंग पूर्ण उघडले, म्हणजे एफ २ वर ठेवले, तर कोपरे मऊ पडतात आणि उन्हाकडे तोंड केले की चित्रावर धुके चढते. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून शंभरातला चार-पाच भाग उजेड परत फिरतो आणि आत भटकतो. झाइसच्या आलेक्सांडर स्माकुला याने १९३५ साली त्यावर लेपाचा उपाय शोधला. तो लेप या रशियन भिंगावर आहे. पण आजच्या अनेक थरांच्या लेपाची सर त्याला नाही. मात्र एफ ५.६ वर आणले की हेच भिंग घराच्या कौलांतले कौल वेगळे दाखवते. आणि रेखीवपणाची फुशारकी मारणाऱ्यांनी हेही सांगावे, की कित्येक नव्या भिंगांत रेषा मुळात वाकड्याच उमटतात आणि कॅमेऱ्यातला संगणक त्या मागाहून सरळ करतो. हा काही गुन्हा नव्हे. पण ज्याचे शुद्धलेखन दुसऱ्याने तपासले, त्याने हस्ताक्षराचा गर्व करू नये.

दुसरा आक्षेप रुंद भिंगांचा, आणि तो खरा आहे. सेन्सरच्या पुढे काचेचा एक थर असतो. फिल्मपुढे तो नव्हता. २१ किंवा २८ मिलिमीटरच्या जुन्या रेंजफाइंडर भिंगांतून किरण कोपऱ्यांकडे फार तिरके येतात आणि त्या काचेतून जाताना विस्कटतात. कोपरे फिसकटतात, कधी त्यांवर जांभळट झाक येते. लायकाने आपल्या कॅमेऱ्यांत तो थर पातळ ठेवला, तो याचसाठी. तेव्हा माळ्यावर रुंद भिंग सापडले तर फार आशा धरू नका. ५० चे सापडले तर निर्धास्त असा.

तिसरा आक्षेप मोठा. म्हणतात, नवा कॅमेरा आपोआप डोळा शोधतो, सेकंदाला दहा-दहा फोटो काढतो. तुम्ही हाताने कडे कसले फिरवीत बसता? यावर माझे उत्तर सरळ आहे. कबड्डीच्या सामन्याला मी काकांचे भिंग नेत नाही. पळते पोर किंवा धावती म्हैस यांच्यापुढे यंत्राची चपळाई खरी. पण आपल्या घरातले फोटो आठवा. आजी, जावई, ओवाळणारी बहीण, पाटावर बसलेला भाऊ! यातले कोणी धावत असते का? तिथे घाई कोणाची असते? कॅमेऱ्याची असते. एका लग्नातून चार हजार फोटो येतात, ते एका पेटीत जातात आणि ती पेटी पुढच्या माळ्याची धनी होते.

शिवाय हाताने फोकस करणे पूर्वी होते त्याहून आज सोपे आहे. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात भिंग जे पाहते तेच डोळ्याला दिसते. बटण दाबून ते दहापट मोठे करून पाहता येते. रशियन भिंगे आणि लायका यांच्या अंतराच्या मापात पूर्वीपासून थोडा फरक होता. त्यामुळे जवळचा चेहरा टिपताना लायकावर ही भिंगे चुकत. आता मध्ये खिडकीही नाही आणि तिचे मापही नाही. जे स्वच्छ दिसले ते स्वच्छ उमटले. आणि कॅमेऱ्याच्या पोटात हात न कापू देणारी जी सोय आहे, तिला 'भिंग ५० चे' एवढे सांगितले की तिचाही लाभ या म्हाताऱ्याला मिळतो. साठ वर्षांनी त्याला खरा जोडीदार मिळाला, असेच म्हणायचे.

आता दुसऱ्या टोकाला बसलेल्या मंडळींकडे वळतो, कारण त्यांच्याविषयी मला अधिक तक्रार आहे. हे जुन्या भिंगांचे शौकीन. त्यांच्यापाशी अशी दहा-बारा भिंगे असतात. ते त्यांना मखमलीत ठेवतात, त्यांच्या 'कॅरॅक्टर'ची चर्चा करतात आणि फोटो काढतात तो दुसऱ्या भिंगाचा! आत वाळलेल्या तेलाची वाफ बसून काच धुरकटली असेल, तर त्यांना ती स्वप्नील वाटते. मागची झाडे गरागरा फिरलेली दिसली, की त्यांना समाधी लागते. पुढे कोण बसले आहे हे ते विचारत नाहीत. एरवी कोणी ढुंकून पाहिले नसते, त्या भिंगाचे भाव या मंडळींनी चढवले. दुकानदार म्हणतो शोकेसमध्ये ठेवा. हे खरोखर ठेवतात. दोघांत फरक काय राहिला? माझी विनंती आहे, बुरशीला काव्य म्हणू नका. अण्णाकाकांना कॅरॅक्टर ठाऊक नव्हते. नवरीचे डोळे नीट यावेत आणि तिच्या बापाला पैसे वसूल वाटावेत, एवढेच त्यांना ठाऊक होते.

मग या भिंगाचा खरा गुण कोणता? तो मला वर्गात कळला. एक दिवस मी नववीच्या वर्गात खिडक्या लावून घेतल्या, एकच उघडी ठेवली आणि काकांचे भिंग पांढऱ्या कागदापुढे धरले. कागदावर खिडकीबाहेरचा माड उतरला. उलटा, रंगीत, वाऱ्याने हलणारा. वर्गातला कलकलाट थांबला. ना बॅटरी, ना पडदा, ना बटण. प्रत्येकाने येऊन कडे फिरवले आणि झावळ्या स्वच्छ करून पाहिल्या. आजच्या कित्येक भिंगांत हे साधत नाही; कडे फिरवले तरी काच हलवते ती आतली मोटर, आणि वीज नसली की कडे नुसते फिरते.

त्यानंतर दर शनिवारी एकेका मुलाच्या हाती कॅमेरा देऊ लागलो. एका मुलीने विचारले, "सर, खिचडीवाल्या मावशींचा काढू?" आमच्या शाळेत खिचडीचा फोटो रोज निघतो, वर पाठवावा लागतो. पातेले, ताटे, हात धुणारी मुले, सारे त्यात असते. तेरा वर्षे चुलीपुढे बसलेल्या मावशी मात्र एकाही फोटोत नव्हत्या. फोटो काढताना त्याच बाजूला सरत. हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते. त्या मुलीच्या आले.

हे भिंग एक मीटरच्या आत जात नाही, आणि पूर्ण उघडे ठेवून एक मीटरवरून फोटो काढला तर जेमतेम पाच सेंटिमीटर खोलीचेच स्वच्छ येते. नाक आले तर कान गेले. तिने पहिला काढला, त्यात मावशींच्या मागची फळी स्वच्छ आणि मावशी पुसट. पोरीने तो पाहिला आणि म्हणाली, "हे माझ्यानंच बिघडलं. मावशी, जरा थांबा हं, परत काढते." मावशींनी पदराने तोंड पुसले, लाकूड मागे ओढले आणि सरळ तिच्याकडे पाहिले. पोरगी श्वास धरून कडे फिरवीत होती. अर्धा मिनिट गेला असेल. तेवढा वेळ त्या शाळेत मावशींकडे कोणी पाहिले नव्हते. तो फोटो छापून आज मावशींच्या घरात, देवाच्या तसबिरींशेजारी लावला आहे.

"माझ्यानंच बिघडलं" हे वाक्य मी अलीकडे फार थोड्या लोकांच्या तोंडून ऐकतो. ॲप बिघडते, नेट बिघडते, सिस्टिम बिघडते. माणसाच्या हातून काही बिघडतच नाही, म्हणून त्याच्या हातून काही सुधारतही नाही. मी या भिंगाचा कैवार घेतो तो एवढ्यासाठी. त्याने चित्र सुंदर येते, हे त्याचे कारण नव्हे. कधी येते, कधी येत नाही. ते काढणाऱ्याला समोरच्या माणसाकडे अर्धा मिनिट पाहायला लावते आणि चुकीचे माप त्याच्याच पदरात घालते. अशी हत्यारे घरात असलीच पाहिजेत, निदान वाढत्या पोरांच्या घरात तरी.

कोणी म्हणेल, मास्तर, नव्या भिंगानेही हळू फोटो काढता येतो. येतो की! सायकल असलेल्याला चालताही येते. पण चालतो कोण?

तेव्हा या दिवाळीत माळा निघाला आणि चामड्याची पेटी हाती आली, तर तागडीत टाकण्यापूर्वी एवढे करा. भिंग काढून खिडकीच्या उजेडात धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी; ती लेप खाते, म्हणून जाणत्या कारागिराकडे न्या. मुंबईत फोर्टातल्या बोराबाजारात असे हात अजून आहेत. स्वतः तेल घालू नका, रुमालाने घासू नका. बरे निघाले तर त्या चामड्याच्या पेटीत परत ठेवू नका. चामडे ओल धरते आणि आपल्या पावसाळ्यात तीच बुरशीची नर्सरी होते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि महिन्यातून एकदा उजेड दाखवा. त्याहून उत्तम म्हणजे ते वापरा. वापरातल्या भिंगाकडे आपले लक्ष राहते.

घरात मिररलेस कॅमेरा असेल तर कडे आणा. नसेल तर एक कोरा कागद घ्या, दिवाळीच्या पहाटे अंधाऱ्या खोलीत उभे राहा आणि अंगणातला आकाशकंदील त्या भिंगातून कागदावर उतरवून पोरांना दाखवा. उलटा दिसेल; पण वात हलली तर तीही हललेली दिसेल. त्यानंतरही ते भंगार वाटले, तर खुशाल द्या. भंगारवाला दारातच असेल.